बेहेडाटोल्यात पेटलेली काठी

मित्रांनो, काठी म्हटलं की तुम्हाला म्हाताऱ्याच्या हातातली नाही तर गुराख्याच्या खांद्यावरची काठी आठवेल. मी तसली नाही. खिडकीच्या चौकटीला लावतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची मी बनलेली आहे. उंची दाराएवढी. पोटावर खालपासून वरपर्यंत बारीक दिव्यांची ओळ आहे आणि पाठीवर काडेपेटीएवढी एक डबी चिकटवलेली आहे. आता मी जुनी झाले. काही दिवे मेले, तारांवरची चिकटपट्टी सुटली. पण म्हातारपणाचं मला फारसं दुःख नाही. मला दुःखापेक्षा किळस जास्त येते, आणि ती कशाची येते तेच सांगायला बसले आहे. गोडगोड गोष्ट हवी असेल तर शाळेच्या घंटेकडे जा, ती छान सांगते.

माझा जन्म बालाघाटचा. देवेंद्र नावाच्या माणसाचा तिथे फोटो स्टुडिओ आहे. वडील जंगल खात्यातून निवृत्त झालेले, घरात सगळे नोकरदार, आणि याने एकट्याने कॅमेरा धरलेला. लग्नसराईत त्याला जेवायला सवड नसते आणि लग्नसराई संपली की त्याचे हात शिवशिवतात. अशाच रिकाम्या दिवसांत त्याने मोबाइलवर कुठल्याशा दूरदेशी काढलेले फोटो पाहिले आणि तसली काठी आपणही करायची असं त्याच्या डोक्यात बसलं. दिवाळीच्या माळेतले दिवे काढून त्याने माझ्या पोटावर डकवले. डबी मात्र नागपूरहून मागवली.

माझं काम काय, ते नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वायफायच्या लहरी हवेत असतात, पण दिसत नाहीत. माझ्या पाठीवरची डबी त्या हुंगते. लहर जोरात असेल तर माझे सगळे दिवे लागतात, मंद असेल तर खालचे चार-दोन, आणि लहर नसेल तर एकही नाही. ज्या वायफायचं नाव मला सांगून ठेवलं असेल तेवढंच मी हुंगते, बाकीच्यांकडे ढुंकून पाहत नाही. अंधार पडला की देवेंद्र कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, त्याचा डोळा बराच वेळ उघडा राहील असं करायचा, आणि कुणीतरी काळे कपडे घालून मला उभी धरून समोरून चालत जायचं. चालणारं माणूस फोटोत येत नाही. मी मात्र पावलोपावली उजेडाची एकेक उभी रेघ मागे ठेवत जाते. फोटोत पाहाल तर हवेत उजेडाचं कुंपण घातलेलं दिसतं, कुठे उंच, कुठे ठेंगणं. जे कुणालाच दिसत नाही ते मी दाखवते, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

शहरात आमचे पुष्कळ फोटो निघाले. लोक स्टुडिओत यायचे, भिंतीवरचे फोटो बघायचे, "क्या बात है" म्हणायचे. मलाही बरं वाटायचं. कौतुकाची चटक मला लागली नाही असं मी म्हणणार नाही, पण देवेंद्रला माझ्याहून लवकर लागली.

एक दिवस आम्रपाली आली. परसवाड्याच्या पुढे एक गाव आहे, तिथली ही आशा कार्यकर्ती. गरोदर बायांची, लेकरांच्या लसींची कामं तिच्याकडे. ओळखपत्रासाठी फोटो काढायला आलेली बाई, पण फोटो काढून घ्यायचा सोडून भिंतीपाशीच उभी राहिली. हे काय आहे, कसं होतं, सगळं तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "जिथं नेट नाही, तिथं तुमची काठी काय दाखवते?"

देवेंद्र हसून म्हणाला, काहीच नाही.

"मंग ते काहीच नाही आमच्या टोल्यात येऊन काढून द्या, भाऊ."

तिचं म्हणणं असं होतं. गावापासून नाला ओलांडला की बेहेडाटोला ही लहानशी वस्ती लागते. तिथे कुठल्याच कंपनीचा मोबाइल लागत नाही. गावात पंचायतीच्या छपरावर वायफायचा एक पांढरा डबा बसवलेला आहे, त्याच्याजवळ गेलं की मोबाइलवरून बोलता येतं. पोट दुखायला लागलेल्या बाईसाठी नर्सबाईंना कळवायचं तर तिथूनच, आणि नर्सबाईंनी कळवल्याशिवाय दवाखान्याची गाडी येत नाही. म्हणून टोल्याने स्वतःची एक रीतच पाडली होती. नववा महिना लागला की सुनेला गाठोड्यासकट नाल्याच्या अलीकडे आणायचं आणि पंचायतीला लागून असलेल्या महागूच्या पुढच्या खोलीत ठेवायचं. महागू एकटा म्हातारा. त्याने खोली देऊन टाकली होती. तिला सगळे नेटची खोली म्हणत. माहेरी बाळंतपणाला जातात तशा टोल्यातल्या बाया त्या खोलीत जात.

आम्रपालीला टोल्यात दुसरा डबा हवा होता. डबे बसवणाऱ्या सरकारी ऑफिसातले म्हणत, कागदावर पहिलाच डबा टोल्यापर्यंत पोचतो. त्यांना अंधार दाखवायचा होता, आणि अंधार दाखवणारी मी एकटीच होते. देवेंद्रने हौ म्हटलं. फोटो अर्जाला जोडून द्यायचा शब्दही त्याने दिला.

आम्ही गेलो तेव्हा शेतांत धान पिवळं पडायला लागलं होतं. दिवेलागणीनंतर आम्रपालीने काळी शाल पांघरली आणि मला हातात धरलं. पंचायतीपाशी मी डोक्यापर्यंत पेटले. नाल्यापर्यंत कमरेवर आले. नाला ओलांडला तसे माझे दिवे एकेक करून गेले, आणि टोल्यातल्या शेवटच्या घरासमोर, जिजाबाईच्या दारात, मी पुरती विझले. सगळा टोला बघायला जमला होता. जिजाबाई म्हणाली की काठी बिघडलेली दिसते. आम्रपालीने तिला समजावलं, काठी बिघडली नाही, काठी खोटं बोलत नाही, पेटली म्हणजे फोन लागतो आणि विझली म्हणजे लागत नाही. लोकांनी ते लगेच ध्यानात ठेवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो. उजवीकडे उजेडाचं उंच कुंपण, मग ते उतरत उतरत गेलेलं, आणि डावीकडे नुसता काळोख. त्या काळोखात चार घरं होती आणि जिजाबाईची गरोदर सून करुणा होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता नाक दाबून ऐका.

त्याच दिवसांत बालाघाटात फोटोंचं एक प्रदर्शन भरायचं होतं, बक्षिसाचं. देवेंद्रने फोटो ऑफिसात द्यायच्या आधी तिथल्या जाणत्या मंडळींना नेऊन दाखवला. मी त्याच्या खांद्यावरच्या लांब पिशवीत होते, मी सगळं ऐकलं. एकाने चष्मा वर केला, एकाने मान तिरकी केली. फोटो अद्भुत आहे म्हणाले. फक्त डावी बाजू रिकामी वाटते, डोळा तिथे जाऊन पडतो, तोल जातो. तिथेही थोडा उजेड असता तर पहिलं बक्षीस कुठे जात नव्हतं. त्या रिकाम्या बाजूला माणसं राहतात, ती रिकामी का आहे, हे एकाने विचारलं नाही. त्यांच्या हातांना अत्तराचा वास येत होता आणि मला ओकारी यायची तेवढी बाकी राहिली. यंत्राला ओकता येत नाही म्हणून सुटले बिचारे.

देवेंद्र तिथेच म्हणू शकला असता की, अहो, ती रिकामी बाजू म्हणजेच फोटो आहे. तसं तो म्हणाला नाही. मान हलवून आला.

दुसऱ्या खेपेला तो एकटाच आला. आम्रपालीला त्याने कळवलं नाही, ती त्या वेळी बालाघाटला बैठकीला गेली होती. त्याने पंचायतीच्या डब्याचं जे नाव, अक्षरन् अक्षर तेच नाव आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला दिलं आणि मोबाइल सदऱ्याच्या खिशात टाकला. त्याच्या या मोबाइलला टोल्यात सिग्नल कुठून आला म्हणाल, तर त्याने गाडीवर उपग्रहाची एक ताटली आणली होती, कुणा ठेकेदाराकडून मागून. टोल्याच्या मागे झुडपांत ती लपवून ठेवली आणि मोबाइल तिला जोडला. एवढी खटपट का, तर सिग्नल गेला की त्याचा मोबाइल हॉटस्पॉट आपोआप बंद करायचा, आणि नाला ओलांडल्यावर तसं होऊन चालणार नव्हतं. एका फोटोसाठी माणूस एवढं करतो, आणि शब्द पाळायला त्याला सवड नसते. मग कॅमेरा लावून तो स्वतःच मला घेऊन निघाला.

मला काय कळणार? मी नाव हुंगते. नाव खिशात होतं, माझ्यापासून हातभर. पंचायतीपासून नाल्यापर्यंत, नाल्यापासून टोल्यापर्यंत मी डोक्यापर्यंत पेटलेली. जिजाबाईच्या दारात तर अशी लखलखले की तिची कोंबडी जागी झाली.

जिजाबाई ओसरीवर बसली होती. शेजारी करुणाचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेटच्या खोलीत जायचं होतं. म्हातारी उठून उभी राहिली. तिने सुनेला हाक मारली. करुणाने मोबाइल काढला तर तो आपोआप जोडला गेलेला, नाव ओळखीचं होतं ना, आणि पासवर्ड दोन्हीकडे नव्हता! तिने नागपूरला कामाला असलेल्या नवऱ्याला लावला आणि दारात उभी राहून त्याचं तोंड बघत बोलली. टोल्यात असं कधी झालं नव्हतं. जिजाबाईने देवेंद्रला विचारलं, "साहेब, आता डबा इथपर्यंत येते का?"

मित्रांनो, त्या क्षणी तो काय बोलतो याकडे माझा एकेक दिवा लागला होता. तो म्हणाला, "दिसतंय ना, आजी." आणि पुढे चालू लागला. फोटो मधेच तुटला असता, म्हणून थांबला नाही.

माझ्या पाठीमागे म्हातारी सुनेला म्हणाली, "सोड ते गाठोडं. आता काहून जायचं दुसऱ्याच्या घरी?" सुनेने ते सोडलं. आपल्याच घरात राहायला मिळालं म्हणून ती हसली, ते मी ऐकलं. देवेंद्रनेही ऐकलं. मग त्याने खिशातला मोबाइल बंद केला, ताटली गाडीवर चढवली आणि आम्ही गेलो.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, नंतर स्टुडिओत आम्रपालीच्या तोंडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी टोल्यातलं झाडून सगळं माणूस धानाच्या कापणीला गेलं होतं. दुपारी करुणाच्या कळा सुरू झाल्या, अपेक्षेपेक्षा आधी. घरात जिजाबाई एकटी. तिने सुनेला धीर दिला आणि काल जिथे मी पेटले होते त्याच जागी उभी राहून मोबाइल लावायला लागली. लागेना. तिला वाटलं, थोड्या वेळाने लागेल, काल तर लागला होता. बैलगाडी जुंपायला शेतात कुणाला बोलवायचं सोडून ती तिथेच हात वर करून उभी राहिली. बराच वेळ राहिली. शेवटी आरडाओरडा ऐकून बांधावरची माणसं धावली, खाटेवर घालून करुणाला नाल्यापार आणलं, पण गाडी येईपर्यंत मुलगी झालेली होती. ती रडली नाही. आई वाचली.

आणि इकडे बालाघाटात माझ्या फोटोला पहिलं बक्षीस. शाल, नारळ, टाळ्या. कुणी त्याला आधुनिक दीपोत्सव म्हणालं, कुणी म्हणालं की गावागावात पोचलेल्या प्रगतीचं याहून सुंदर चित्र होणार नाही. पोरी त्याच्यासमोर उभ्या राहून आपले फोटो काढून घेत होत्या. फोटोतल्या सगळ्यात उजळ रेघेखाली जिजाबाईची ओसरी होती. तिथल्या कुणाला ती दिसली नाही, कारण उजेड फार होता. डब्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबांना फोटो इतका आवडला की त्याची मोठी प्रत त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर लावून घेतली. मला मऊ फडक्याने पुसून काचेच्या पेटीत ठेवलं. इतकी काळजी माझी कधीच कुणी घेतली नव्हती, आणि त्या फडक्याची मला इतकी शिसारी आली की गंज चढलेला परवडला असता.

आम्रपालीला यातलं काही माहीत नव्हतं. टोल्यातले लोक उजेडाबद्दल सांगत होते, पण कळांत, रडारडीत तिला धड काही उलगडेना. दोन आठवड्यांनी ती पुन्हा डबा मागायला त्या ऑफिसात गेली. साहेबांनी बोलायचं कारणच ठेवलं नाही. त्यांनी बोटाने भिंत दाखवली. हा बघा तुमचा टोला, म्हणाले, उजेड थेट शेवटच्या घरापर्यंत आहे, आणखी काय हवं तुम्हाला? हातच्या काकणाला आरसा कशाला, असा त्यांचा चेहरा होता.

तिथून ती सरळ स्टुडिओत आली. देवेंद्र एका नवऱ्या मुलाचा फोटो धुऊन गोरा करत होता, म्हणजे संगणकावर. ती बसली नाही. तिने विचारलं, "भाऊ, जिजाबाईच्या दारातला उजेड कुठून आणला?"

तो आधी हसला, मग खाकरला. फोटोत तेवढं करावंच लागतं, ती कला आहे, नवरीचा मेकअप करतात तसं, असं काहीबाही बोलला. तिने जे घडलं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. त्याचा रंग उतरत गेला. शेवटी तो म्हणाला, "मले काय माहीत, ताई, ते माझ्या भरवशावर बसतील म्हणून?"

खोटं. धडधडीत खोटं. गाठोडं सोडलेलं त्याने ऐकलं होतं. मी त्याच्या हातात होते.

आम्रपाली त्याला म्हणाली की माझ्यासोबत ऑफिसात चला आणि हे साहेबांना सांगा. तोंडावर लग्नसराई आली आहे, बक्षीस परत घेतील, पेपरात नाव येईल, घरच्यांना तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. त्याचं एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त ओंगळ वाटलं. ती ऐकून घेत होती. मग तिने काचेची पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"तुम्ही नका येऊ. हे काठी येते माझ्यासंग."

त्याने अडवलं नाही. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगते.

साहेबांना टोल्यात आणायला तिला किती खेटे घालावे लागले ते सांगत बसत नाही. सरकारी माणूस अंधारात यायला तयार नसतो. पण ती वीट येईपर्यंत जात राहिली, आणि बहुधा तिला वीट यायच्या आधी त्यांना आला. ते आले. आम्रपालीने पंचायतीपाशी एक सूप ठेवलं आणि साहेबांसकट सगळ्यांचे मोबाइल बंद करून त्यात घालायला लावले. साहेबांना राग आला, तरी घातला. मग तिने काळी शाल पांघरली.

पंचायतीपाशी मी पेटले. नाल्यावर ओसरले. नाल्यापलीकडे माझ्या पायाशी दोन दिवे उरले, मग एक, आणि जिजाबाईच्या दारात एकही नाही. साहेब आम्रपालीच्या मागे चालत होते, अंधारात त्यांना ओसरीची पायरी लागली. डब्यासाठी लिहितो, एवढं परत जाताना म्हणाले. डब्याचा खांब अजून आलेला नाही. तो फोटोही अजून भिंतीवरच आहे, कारण चौकट चांगली आहे म्हणे.

सगळे गेल्यावर जिजाबाई बाहेर आली. आम्रपालीने मला तिच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. म्हातारीने माझ्या विझलेल्या दिव्यांवरून खालपासून वरपर्यंत हात फिरवला, जसा आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात. मला वाटलं शिव्या देईल, मोडेल. तिचा हक्क होता. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी भी अशीच राह्यली असती, बाई."

मित्रांनो, आता मी जिजाबाईच्याच ओसरीवर असते. मला पुसू नका, काचेत ठेवू नका, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढू नका. तुमच्या हातात माझ्यासारखं काही आलं, जे जसं आहे तसंच दाखवतं, तर त्याची एकच काळजी घ्या. ते जिथे काळं दाखवतं, तिथे आपल्या खिशातला उजेड घालू नका. तिथे कुणाचं तरी दार असतं.